केसलरांचं विरजण

सप्टेंबर सरत आला की आमच्या कायझर्सलाउटर्नच्या दुकानांत दाराशीच, सफरचंदांच्या खोक्यांशेजारी, गढूळ पिवळ्या वाइनच्या बाटल्या मांडून ठेवतात. झाकणं मुद्दाम सैल ठेवलेली. हिला फेडरवायसर म्हणतात, ही अजून वाइन झालेली नसते. द्राक्षांचा रस अर्ध्या वाटेवर असतो आणि बाटलीतल्या बाटलीत फसफसत असतो. झाकण घट्ट लावलं तर बाटली फुटायची, म्हणून ती आडवी ठेवायची नाही, पिशवीत उभी धरून घरी न्यायची. नवख्यांना हे ठाऊक नसतं. परवा बसमध्ये एका विद्यार्थिनीच्या पाठपिशवीतून बारीक धार लागली आणि सगळी बस त्या आंबूस-गोड वासाने भरून गेली. मुलगी लाजून लाल झाली. शेजारच्या म्हाताऱ्या बाई मात्र हसल्या, "हो, हो, फेडरवायसर!" म्हणाल्या आणि तिच्यापुढे रुमाल धरला.

मी माझा थांबा चुकवला. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आलो. फुटपाथवर अक्रोड पडले होते, त्यांची हिरवी सालं बुटांखाली काळी पडत होती. कुणाच्या तरी घरातून यंदा पहिल्यांदाच लावलेल्या हीटरचा, तापलेल्या धुळीचा वास येत होता. आंबलेला रस, अक्रोडाची साल आणि तापलेली धूळ हे तीन वास एकत्र आले की मला एकच शरद ऋतू आठवतो. इरा जन्मली तो.

त्या वर्षी माझ्या सासूबाई नाशिकहून मुग्धाच्या बाळंतपणाला आल्या होत्या. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती, पण त्यांचं-माझं बोलणं कधी 'प्रवास नीट झाला ना' आणि 'अजून एक पोळी घ्या'च्या पुढे गेलेलं नव्हतं. मी त्यांना आई म्हणायचो, त्या मला समीरराव म्हणायच्या, आणि या दोन शब्दांच्या मध्ये एक स्वच्छ पुसलेलं, रिकामं अंगण होतं. नाशिकला मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर त्या ओट्यापासून दोन पावलं बाजूला व्हायच्या. इथे आमच्या स्वयंपाकघरात बाजूला व्हायला दोन पावलं जागाच नव्हती. पहिल्याच सकाळी आम्ही दोघं फ्रिजच्या दारापाशी समोरासमोर आलो आणि दोघांनीही एकदमच "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" म्हटलं. ते दार बराच वेळ उघडंच राहिलं.

त्यांच्या बॅगेत साडीच्या घड्यांमधून डिंक निघाला, हळीव निघाले, बाळंतशोपा, बदाम, नाचणीचं सत्त्व, आणि इडलीचे तांदूळसुद्धा. "अहो आई, इथे तांदूळ मिळतात," मी म्हणालो. "असतील," त्या म्हणाल्या.

आमच्या खालच्या मजल्यावर हेर केसलर राहायचे. सत्तरी ओलांडलेले, उंच, जरा वाकलेले, बायको वारल्यापासून एकटे. इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची सामाईक खोली आहे. तिथे महिन्यातून एखाद्या शनिवारी ते मोठ्या पातेल्यात बिअर शिजवायचे. आम्ही नवे राहायला आलो तेव्हा मला वाटलं होतं, खाली कुणीतरी लापशी करतंय. कुतूहलाने उतरलो आणि पातेलं उचलायला हात लावला. तो पहिला शनिवार. मग मी दर वेळी जायला लागलो. मला बिअर पिण्यापेक्षा ती होताना बघण्यात जास्त गोडी वाटायची, आजही वाटते. भिजलेल्या धान्याची वाफ खिडकीच्या काचेवर जमायची, बाहेर कुणाच्या तरी सायकली दिसेनाशा व्हायच्या, आणि केसलर लाकडी उलथन्याने ढवळत फार थोडं बोलायचे.

बिअर शिजवण्याच्या दोन-तीन दिवस आधी त्यांचं एक काम असायचं. फ्रिजमध्ये एका बरणीत त्यांनी यीस्ट राखून ठेवलेलं असायचं. खाली मातकट साय, वर तपकिरी पाणी. हे यीस्ट तसंच उचलून मोठ्या पातेल्यात टाकायचं नाही. आधी त्याला जागं करायचं. माल्टची थोडी पूड पाण्यात उकळायची, ते पाणी कोमट होऊ द्यायचं, उकळून स्वच्छ केलेल्या काचेच्या चंबूत ओतायचं, आणि त्यात ती साय सोडायची. तोंडावर चांदीचा कागद, पण सैल, कारण त्याला हवा लागते. मग येता-जाता चंबू हलवत राहायचं. दिवसभरात पाणी दुधाळ होतं, वर फेसाची कड धरते. मग समजायचं की आता हे कामाला तयार आहे. जर्मनमध्ये यीस्टला 'हेफे' म्हणतात आणि ती स्त्रीलिंगी. केसलर म्हणायचे, "झोपेतून उठवलं आणि लगेच कामाला जुंपलं तर तू तरी करशील का? तिला आधी न्याहारी दे." मी मनातल्या मनात त्याला विरजणच म्हणायचो. दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता, आणि हवाही नव्हता.

ते यीस्ट विकतचं नव्हतं. शेजारच्या गावात पूर्वी एक लहानशी ब्रुअरी होती, केसलरांचे सासरे तिथे कामाला होते. ब्रुअरी बंद पडली, ती जागा सपाट करून तिथे गाड्या लावायला लागले. पण बंद व्हायच्या आधी सासऱ्यांनी थोडं यीस्ट घरी आणलं, ते जगवलं, आणि म्हातारपणी जावयाच्या हाती दिलं. तेव्हापासून ते केसलरांच्या फ्रिजमध्ये होतं. दुसरीकडे कुठेही नव्हतं.

मुग्धाचा नववा भरत आला होता तेव्हा केसलर अक्रोड पाडताना शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्सच्या माणसांनी त्यांना उचललं तेव्हा त्यांनी मला हातानेच खूण केली, जिना चढून वर जा, बायकोकडे बघ. पुढच्या आठवड्यात इरा झाली. आणि इरा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी प्रसूतिगृहाच्या कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या मशीनपाशी उभा असताना, केसलरांचा फोन आला. ते त्याच शहरात, दुसऱ्या इस्पितळात होते.

त्यांनी आधी बाळाची चौकशी केली, वजन विचारलं, नाव विचारलं, ते दोनदा म्हणून बघितलं. मग मुद्द्यावर आले.

"आल्झो, तर समीर. बरणी वसंतापासून तशीच आहे. मी या उन्हाळ्यात शिजवलंच नाही. इथून मला रेहामध्ये, पुन्हा चालायला शिकवतात तिथे, पाठवणार आहेत, किती आठवडे ते कुणी सांगत नाही. तेवढं ती काढेल असं वाटत नाही मला. तुझ्याकडे किल्ली आहे. जमलं तर उठव तिला. नाही जमलं तर राहू दे, घरात बाळ आहे."

'राहू दे' म्हणताना त्यांचा आवाज जितका सहज होता, तितकं ते सहज नव्हतं हे मला कळलं.

मुग्धा आणि इरा घरी आल्या आणि घराचं वेळापत्रक मोडून पडलं. इराला नीट ओढून पिता येत नव्हतं. प्यायला लागायची आणि झोपून जायची. वजन जन्मानंतर उतरतंच, पण ते पुन्हा चढायला हवं, ते चढेना. इथे बाळंतिणीच्या घरी हेबामे येते, म्हणजे सुईणबाई. आमच्या हेबामे तरुण होत्या, त्यांच्याकडे कापडाची झोळी लावलेला काटा होता. त्या इराला झोळीत घालून उचलायच्या, आम्ही तिघं त्या काट्याकडे बघत राहायचो, आणि त्या शांतपणे म्हणायच्या, "अजून नाही. थोडं थोडं, पण सारखं पाजा. थांबू या."

एकदा जाता जाता त्या म्हणाल्या की पूर्वीच्या बायका दुधासाठी माल्टबिअर प्यायच्या, हवं तर घेऊन बघा. मुग्धाने हे आईंना सांगितलं मात्र.

"बाळंतिणीला बिअर?" आई जागच्या उठल्या. "काय बोलते ती बाई! समीरराव, तुम्ही तिला काही म्हणाला नाहीत?"

"आई, तिच्यात दारू नसते. नुसतं नाव बिअर. गोड असते, सरबतासारखी."

"नाव तरी कशाला ते," त्या म्हणाल्या, आणि हळीवाच्या लाडवांसाठी नारळ खवायला बसल्या. किती तरी वेळ त्या खवणीचा आवाज थांबला नाही.

अशा दिवसांत मी केसलरांची बरणी वर आणली. एका दुपारी मायलेकी झोपल्या होत्या, मी पातेल्यात पाणी ठेवून माल्टची पूड घातली. ती उतू जायला टपलेलीच असते. गॅस बारीक करून फुंकर घालत उभा होतो तेव्हा मागून आई आल्या. वासाने आल्या असाव्यात.

"कशाची खीर करताय?"

"खीर नाही. माल्ट आहे. जव भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, भाजतात..."

"म्हणजे सत्त्व की हो!" त्या पुढे आल्या. आल्यावर बाजूला झाल्या नाहीत, हे मला नंतर लक्षात आलं. "नाचणीचं करतो तसंच. मोड काढून." त्यांनी चमच्यावरचा थेंब बोटावर घेऊन चाखला. "चांगलं लागतंय. बाळासाठी आहे?"

मी आधी गॅस बंद केला. मग बरणी दाखवली आणि केसलरांची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. शेवटी विचारलं, "म्हणजे याची पुढे दारू होणार."

"होणार. आत्ता नाही, पण होणार."

त्या स्टुलावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "माझ्या वडलांच्या तोंडाला वास यायचा. दार वाजलं की आम्ही बहिणी आधी वास घ्यायचो. मग ठरवायचं, दार उघडून समोर राहायचं की माजघरात जायचं." एवढंच बोलल्या. मुग्धाच्या आजोबांबद्दल त्या घरात कधीच काही बोललं जात नसे. मुग्धालाही याहून जास्त ठाऊक नव्हतं. आणि ते आईंनी मला सांगितलं होतं.

"मी हे खाली तळघरात नेऊन ठेवतो," मी म्हणालो.

"तिथे गार पडेल ना? राहू दे इथेच. मी बघणार नाही तिकडे."

बाहेर पावसाळी उजेड होता. खिडकीतून केसलरांच्या अक्रोडाच्या झाडाला टेकलेली शिडी दिसत होती. ती कुणी काढलीच नव्हती. आम्ही दोघं थोडा वेळ तिच्याकडे बघत होतो. मग आतून इरा रडली आणि आई उठून गेल्या.

त्या दुपारी मी चंबूत बरणीतली जवळजवळ सगळी साय सोडली. बरणीच्या तळाशी चमचाभर राहिली ती केवळ चमचा पोचत नव्हता म्हणून. चंबू ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला, येता-जाता हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही काही नाही. तपकिरी, निवळ, गोड पाणी आणि तळाशी निपचित गाळ. हलवला की गाळ उठायचा, थोडा फिरायचा आणि परत खाली बसायचा. त्या दिवसांत घरात आम्ही ज्या-ज्या गोष्टीकडे बघत होतो ती जागच्या जागी होती.

त्याच आठवड्यात इराला घेऊन डॉक्टरकडे जावं लागलं. मुग्धाला पायऱ्या उतरायला त्रास होत होता, म्हणून तिला आधार द्यायला मीही गेलो आणि आई घरी थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाकी सगळं नीट आहे म्हणाल्या, अजून चार दिवस बघू, नाहीतर वरचं दूध सुरू करू. टॅक्सीत मुग्धा खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या हातावर हात ठेवला, तिने तो काढला नाही, पण वळलीही नाही.

मी आधी वर येऊन दार उघडलं. स्वयंपाकघरात आई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांच्या दोन्ही हातांत तो चंबू होता आणि त्या तो गोल गोल, सावकाश फिरवत होत्या, तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना डोकं धरतात तसा तळहातावर धरून. तोंड मात्र बाजूला वळवलेलं होतं.

माझी चाहूल लागली तरी त्या दचकल्या नाहीत. "तुम्ही गडबडीत हलवायला विसरला होतात," म्हणाल्या. "ते तिकडे दवाखान्यात पडलेत. त्यांचं काहीतरी आपल्या घरात आहे. मेलं तर काय तोंड दाखवायचं?" आणि मग, चंबू खाली ठेवता ठेवता, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

मी सांगितलं. मुग्धा आत आल्यावर तिच्या हातातून इराला घेतलं आणि म्हणाल्या, "तू आधी जेव. गरम भात आहे."

संध्याकाळी मी केसलरांना फोन लावला. ते सगळं ऐकल्यावर म्हणाले, "किती पाण्यात घातलीस?" मी सांगितलं. "गेनाऊ, तेच तर. फार झालं. ती म्हातारी आहे, उपाशी आहे, आणि तू तिला एकदम मेजवानीला बसवलंस. काही उरलंय का?"

बरणीच्या तळाशी तो चमचाभर होता.

"मग वाटीभरात कर. पातळ कर. आणि ऊब दे. पुढचं पुढे."

ऊब कुठून आणायची हाच प्रश्न होता. इमारतीचं हीटिंग अजून सुरू व्हायचं होतं. घरात एकच जागा उबदार होती, न्हाणीघर. बाळाच्या आंघोळीसाठी तिथे आम्ही छोटा विजेचा हीटर लावून ठेवला होता. त्या हीटरसमोरच्या फळीवर आईंनी आधीच आपला डबा ठेवला होता, इडलीच्या पिठाचा. मुग्धाला इडली खावीशी वाटत होती आणि इथल्या थंडीत पीठ काही फुगत नव्हतं. आईंनी डबा जरा सरकवला. "ठेवा इथे," म्हणाल्या. एका बाजूला इडलीचं पीठ, दुसऱ्या बाजूला वाटीभर माल्टचं पाणी भरलेली काचेची बरणी, मध्ये बाळाचा टॉवेल. न्हाणीघरात जाणारा प्रत्येक जण दोन्हीकडे डोकावून यायचा. आईसुद्धा.

आधी पीठ फुगलं. मग शुक्रवारी हेबामे आल्या, त्यांनी इराला झोळीत उचललं, काट्याकडे बघितलं, परत एकदा बघितलं आणि हसल्या. "ना, आल्झो! झालं की!" फार नव्हतं चढलं, पण चढलं होतं. मुग्धा त्यांच्यासमोर रडायला लागली. आई जर्मन काट्यावरचा आकडा वाचता येत असूनही मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "वाढलंय ना? वाढलंच आहे ना?" त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी इडल्या खाल्ल्या. हेबामेंना डब्यात घालून दिल्या होत्या.

बरणी तशीच होती. एका परीने आता तिचं काही वाटायला नको होतं. घरातली मोठी काळजी उतरली होती. पण काळजीची सवय लागते, ती रिकाम्या हाताने बसत नाही. मी सकाळी उठल्यावर आधी न्हाणीघरात जायचो, दात घासायच्या आधी बरणी हलवायचो. काचेला कान लावायचो. कानाला फक्त हीटरची घरघर ऐकू यायची.

आणि एका सकाळी न्हाणीघरातून आईंची हाक आली. "समीरराव! अहो, लवकर या!"

मी चहाचा कप तिथेच टाकून धावलो. इराची आंघोळ चालली असेल, काही झालं असेल, असं मनात येऊन गेलं. पण इरा मुग्धापाशी होती. आई एकट्याच फळीसमोर वाकून उभ्या होत्या. बरणीतलं पाणी ताकासारखं दुधाळ झालं होतं. काचेला चिकटून पांढऱ्या फेसाची बारीक कड धरली होती आणि तळातून एकेक बुडबुडा सुटून वर येत होता, वर येऊन फुटत होता.

"हलवलं नाहीये मी," त्या कुजबुजल्या. "आपणहून करतंय."

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. न्हाणीघरात दोन माणसं जेमतेम मावतात. त्यांचा खांदा माझ्या दंडाला लागला होता आणि त्या बाजूला झाल्या नाहीत, मीही झालो नाही.

पुढे सगळं सोपं होतं. वाटीचं भांडंभर केलं, भांड्याचं चंबूभर. दर वेळी थोडं जास्त माल्ट, दर वेळी तो सैल चांदीचा कागद. दोन दिवसांत चंबूवर फेसाची टोपी आली. ते थंड केल्यावर तळाशी जाड, पिवळसर साय बसली, ती केसलरांच्या बरणीत भरली आणि आमच्या फ्रिजमध्ये, हळीवाच्या लाडवांच्या डब्यामागे ठेवून दिली.

नोव्हेंबरच्या अखेरीस केसलर कुबडीवर घरी आले. जिना चढू नका म्हणालो तरी दुसऱ्याच दिवशी चढून वर आले, इराला बघायला. इराने त्यांचं बोट धरलं. ते बराच वेळ ते बोट तिच्याकडेच ठेवून बसले. मग मी बरणी आणून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी झाकण काढून वास घेतला. बरणी फिरवली. परत वास घेतला. डोळे मिटले.

"आंडर्स," ते म्हणाले. वेगळा आहे. "वाईट नाही. पण जरा आंबट. हिरव्या सफरचंदासारखा. हा आधी नव्हता."

आई दारात उभ्या होत्या. "काय म्हणतायत?"

मी सांगितलं. केसलरांना इडलीच्या पिठाचं सांगितलं, न्हाणीघरातल्या फळीचं सांगितलं. दोन्हीकडचं सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आईंचा चेहरा उतरला आहे.

"माझ्या पिठाने बाटवलं का हो त्यांचं?" त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांचं जपलेलं..."

केसलरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना शब्द कळले नव्हते, चेहरा कळला होता. 'बाटवलं'ला मला जर्मन शब्द सापडेना. शेवटी म्हटलं, त्यांना वाटतंय, तुमची ती वस्तू त्यांनी बिघडवली.

केसलरांनी बरणीचं झाकण लावलं, परत काढलं. मग सांगायला लागले, माझ्याकडे न बघता आईंकडे बघून, जणू त्यांना सगळं समजत होतं. त्यांनी सासऱ्यांकडून यीस्ट घेतलं आणि पहिली बिअर केली तेव्हा सासऱ्यांना मोठ्या अभिमानाने ग्लास भरून दिला. म्हाताऱ्याने घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, ही माझी नाही. "मला फार लागलं. मी समजत होतो मी सगळं त्यांच्यासारखंच केलंय. पण माझं तळघर वेगळं, माझं पाणी वेगळं. पुढच्या वर्षी ते स्वतःहून आले आणि म्हणाले, तुझीवाली दे."

मी आईंना मराठीत सांगत गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. केसलरांनी मला पेन मागितलं. बरणीवर कागदाची जुनी पट्टी होती, तिच्यावर पुसट अक्षरांत 'श्वीगरफाटर' म्हणजे सासरे असं लिहिलेलं होतं. त्यांनी नखाने ती खरवडून काढली, नवी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरांत लिहिलं, 'श्वीगरमुटर'.

"याचा अर्थ काय?" आईंनी विचारलं.

"सासूबाई."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले तेव्हा मला आधी वाटलं त्या रडतायत. त्या हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. केसलरही हसायला लागले. मग त्यांना खुबा दुखला, आणि तरीही ते हसतच राहिले.

डिसेंबरच्या सुरुवातीला आई परत गेल्या. फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यांनी मुग्धाला बाळंतकाढ्याच्या, तेलाच्या, थंडीच्या सूचना दिल्या, इराची अलाबला घेतली. मी नमस्काराला वाकलो. "त्यांची झाली की मला कळवा," त्या म्हणाल्या. "मला प्यायची नाही. मी कधी पिणार नाही. पण झाली, चांगली झाली, एवढं कळवा."

झाली. चांगली झाली. मी कळवलं.

केसलर आता मुलीकडे त्सुफेनहाउझेनला राहतात. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, तळघर नाही, पातेलं ठेवायलाही जागा नाही. जाताना बरणी आमच्याकडे ठेवून गेले. तेव्हापासून दर शरदात मी ती उठवतो. जितकी बिअर होते तितकी आमच्याने संपत नाही. मी काम करतो त्या संस्थेतल्या मित्रांना वाटतो, चार बाटल्या त्सुफेनहाउझेनला जातात. आईंना गुडघ्यांमुळे इतका प्रवास जमत नाही. रविवारी व्हिडिओवर भेटतात. इरा मराठी सगळं समजते आणि उत्तरं जर्मनमध्ये देते. आई जर्मन काहीच समजत नाहीत, तरी त्या दोघींचं तासभर चालतं.

या रविवारी इरा लवकर खेळायला पळाली. मुग्धा बाहेर गेली होती. फोन ओट्यावर टेकवलेला, पलीकडे आई, अलीकडे मी. पूर्वी असं झालं की आम्ही दोघंही 'बरं मग' म्हणून मोकळे व्हायचो. आता होत नाही. मी माल्टचं पाणी कालच केलं होतं. त्याचा वास अजून घरात होता, पडद्यांना लागलेला. आईंना म्हणालो, उकळताना तुमची आठवण झाली, तुम्ही खीर म्हणाला होतात.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"समीरराव," त्या म्हणाल्या, "माझे वडील पेटी फार सुंदर वाजवायचे. तुम्हाला कधी सांगितलं नाही ना मी?"

"नाही, आई."

"मुग्धालाही नाही सांगितलं. सकाळची वाजवायचे. सकाळी ते अगदी वेगळे असायचे. मला शेजारी बसवून भाता ओढायला लावायचे." मग चष्मा वर सरकवून स्क्रीनमध्ये निरखून बघायला लागल्या, माझ्या खांद्यामागे. "अहो, ते मागे काचेचं दिसतंय, ते खाली बसलंय सगळं. आधी जा, ते हलवून या. मग सांगते."

मी उठलो. चंबू हातात घेऊन फिरवला, तळाची साय उठली, पाणी गढूळ झालं, कडेने फेस चढला. तो ठेवून परत आलो, फोनसमोर स्टूल ओढून बसलो. आई सांगायला लागल्या.